अर्धा मुळम मोगरा

कुंभकोणममध्ये विरळ केसांच्या बाईला लपायला जागा नाही. पुण्या-मुंबईत निम्म्या बायकांनी केस कापलेले असतात; त्या गर्दीत एखादीचे गळलेले असले तरी खपून जातं. इथे शाळकरी पोरीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्यांच्या पाठीवर तेल पाजलेली घट्ट वेणी, आणि वेणीवर मल्ली, म्हणजे आपला मोगरा. तो विकतात मुळमवर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. फूलवाली माळ स्वतःच्या हातावरून नेते, दोरा तोडते आणि पानात गुंडाळून देते. कोणाला किती हवा हे ती सहसा विचारत नाही. गिऱ्हाईक समोर आलं की आधी वेणी बघते.

सारंगपाणीच्या देवळाबाहेरच्या फूलवालीने माझ्याकडे पाहिलं, मान वाकडी करून माझ्या मानेमागे पाहिलं आणि निकाल दिला, “अरै मुळम पोदुम.” अर्धा पुरे. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, माझे पैसे वाया जाऊ नयेत एवढीच काळजी होती, आणि तेच जास्त झोंबलं. मी इरेला पेटून अख्खा मुळम घेतला. माळेला धरायला केस नव्हते. रथवीथीच्या वळणावर ती घसरून पडली आणि एका शाळकरी मुलीने धावत येऊन “आंटी, उंग पू” म्हणत माझ्या हातात दिली. तिची वेणी कमरेच्या खाली होती.

नवऱ्याच्या बँकेने त्याची बदली इथे केली, तोपर्यंत माझ्या केसांबद्दल कोणी काही बोललेलं मला आठवत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात इथला पाऊस सुरू झाला. आपला परतून जातो तेव्हा इकडचा येतो. त्या पावसाबरोबर डास आले आणि मला डेंग्यू झाला. ताप उतरला, प्लेटलेट वर चढल्या, मी आजारपण विसरून गेले. केसांनी मात्र लक्षात ठेवलं होतं. ते गळायला लागले थेट जानेवारीत, पोंगलच्या सुमारास. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरातलं जुनं ते बाहेर काढायचं अशी इकडची रीत आहे. माझ्या डोक्याने ती फारच मनावर घेतली.

माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि त्यात काळजीचं काही नाही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हे वाचून शहाणा माणूस निश्चिंत होतो. मी वही आणली. उशीवरचे, फणीतले, न्हाणीघराच्या जाळीवरचे असे रकाने आखले आणि रोज मोजायला बसले. ज्या गावात मी हा उद्योग करत होते, त्याच गावात सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन वाढले. तेही दिवसभर आकडेच लिहायचे. १७२९ ही संख्या त्यांच्यामुळे जगभर गाजली. माझ्या वहीत ती एखाद्या दिवशी उगवेल या धास्तीत मी होते.

त्यांचं घर बघायला गेले तेव्हाही माझं लक्ष गणिताकडे नव्हतं. १९१४ मध्ये इंग्लंडला जाण्यापूर्वी त्यांना शेंडी कापावी लागली होती, हे मला तिथे नेमकं आठवलं आणि त्यांच्याविषयी एकदम जवळीक वाटली. पुढे त्या थंड, महायुद्धाने गांजलेल्या देशात शाकाहारी रामानुजन आजारी पडले. तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं क्षयाचं, आणि जोडीला जीवनसत्त्वांची मोठी कमतरता. (क्षय नसून यकृतात अमीबा असावा, अशी मांडणी पुष्कळ वर्षांनी झाली, पण तोवर फार उशीर झालेला होता. ते १९२० मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले.) गंमत म्हणजे ‘व्हिटॅमिन’ हा शब्द कॅसिमिर फंकने घडवला तो १९१२ मध्ये, रामानुजन बोटीत बसण्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी. मी त्या घराच्या ओट्यावर उभी राहून विचार केला, एवढ्या मोठ्या माणसाला जे झालं तेच मला झालंय. जीवनसत्त्वं. दुसरं काही असूच शकत नाही. निदान करायला मला डॉक्टरची गरज वाटली नाही.

गरज नसताना सल्ला द्यायला आमच्या घरमालकीणबाई होत्याच. त्या तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आले. त्यांचं मराठी ऐकताना मला अर्ध्या वेळा वाटतं, आपणच बाहेरगावचे. सगळे त्यांना मामी म्हणतात म्हणून मीही म्हणते. सर टी. माधवराव इथे कुंभकोणममध्ये १८२८ साली जन्मले, तेही मराठी घरात; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. मामी त्यांच्याविषयी अशा बोलतात की जणू ते आत्ता मागच्या दाराने भाजी आणायला गेलेत.

“आमच्या माधवरावांनी तीन तीन राज्यं सांभाळली,” मामी म्हणाल्या, “आणि तुला एक डोकं सांभाळवत नाही?”

माधवरावांची मी जितकी चित्रं पाहिली त्या सगळ्यांत डोक्यावर पगडी आहे. आत काय परिस्थिती होती ते इतिहासाला ठाऊक नाही. पण हे मामींना सांगण्याची माझी छाती नव्हती.

मामींनी माझी सूत्रं हातात घेतली. शुक्रवारी तेलाची आंघोळ. माका घालून कढवलेलं तिळाचं तेल त्यांनी माझ्या टाळूवर असं थापलं की ते भुवयांवरून ओघळून थेट डोळ्यांत. मग शिकेकाई, तीही डोळ्यांत. या आंघोळीनंतर अंगात एक सुस्ती येते आणि तासभर आपल्याला कशाचीच फिकीर राहत नाही, केसांचीसुद्धा. त्या अर्थी उपाय उत्तम. वहीतला शुक्रवारचा आकडा मात्र सगळ्यांत मोठा असायचा, कारण चोळताना जे जायचे होते ते एकदमच जायचे. मामींचं यावर उत्तर तयार होतं: स्वामीमलैला जा, मुरुगनला मोट्टै दे, म्हणजे मुंडण कर, दाट येतील. कातरी किंवा वस्तरा कातडीच्या वर चालतो, केसांचं मूळ खाली असतं आणि त्याला वर काय झालं याची वार्ताही नसते, एवढं मला शाळेत शिकवलेलं होतं. मी म्हटलं, “मामी, देवाला द्यायचे तर निदान देण्याइतके तरी हवेत.”

नवरा या सगळ्यात अलिप्त होता. त्याचं टक्कल आनुवंशिक आहे, बापाकडून आलेलं, त्यामुळे त्याला कोणी काही सुचवत नाही. “माझे गेले तेव्हा मी काही बोललो होतो का?” असं म्हणून तो पेपर वाचायला लागला.

याच दिवसांत खामगावहून आईचा फोन आला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक जायला लागले होते. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं तेव्हा रोज टीव्हीवर होती. आधी डोकं खाजायचं, मग हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, कोणी सुटलं नव्हतं.

“अवं, तुये बी गेले म्हंते जावईबापू,” आई म्हणाली. “तिकडं बी रेशनचाच गहू खातेत का?”

“इकडे भात खातात आई. तीन वेळा.”

“मंग काऊन गेले?”

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईने गजानन महाराजांना नारळ कबूल केला आणि फोन ठेवला. मी त्याच रात्री फोनवर केसांच्या गोळ्या मागवल्या. बाटलीवर एका बाईचं चित्र होतं, तिचे केस बाटलीला वळसा घालून पुन्हा तिच्याच खांद्यावर आलेले. आत बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. जोडीला दुसरी बाटली मोफत, तिच्यात अ जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त आणि आणखी बरंच काही. जितकं जास्त तितकं दाट, असा माझा साधा हिशेब.

राहिलं ड जीवनसत्त्व. ते गोळीतून कशाला, जवळच सूर्य आहे, असं मामींचं मत पडलं. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांपैकी प्रत्येकाचं वेगळं देऊळ आहे. शनी तिरुनळ्ळारला, राहू तिरुनागेश्वरमला, गुरू आलंगुडीला, आणि सूर्य सूर्यनार कोविलला. इतक्या मोठ्या देशात सूर्याची स्वतंत्र देवळं मोजकीच, त्यातलं चोळांच्या काळातलं एक आमच्यापासून पंधराएक किलोमीटरवर. मी गेले. एसी गाडीत काचा वर करून गेले. उतरल्यावर छत्री उघडली. अंगात लांब बाह्यांचं ब्लाउज, चेहऱ्यावर उन्हाचं क्रीम, डोळ्यांवर काळा चष्मा. कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सूर्यप्रकाशातले जे किरण लागतात ते काचेतून आत येत नाहीत आणि छत्रीतूनही नाहीत. सूर्यनारायणाने माझं फक्त नाक पाहिलं असेल, तेही क्रीमखाली. लाल फुलं वाहिली, मनोभावे नमस्कार केला आणि सावली बघत बघत परत आले.

त्यानंतर रक्त तपासलं. आधी तपासून मग गोळ्या घ्यायच्या असतात हा क्रम मला माहीत होता; पण गोळ्या सवलतीत मिळत होत्या. रिपोर्ट आला आणि मी थरारले. ड जीवनसत्त्व ओसंडून वाहत होतं. बी-१२ सुद्धा भरपूर. मी मामींना ओरडून सांगितलं, “सूर्य पावला!” मामींनी लगेच पुढच्या ग्रहाचं बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात नवऱ्याने चष्मा लावून खालची ओळ वाचली. टीएसएच जवळजवळ शून्य, थायरॉक्सिन मर्यादेच्या बाहेर वर. म्हणजे थायरॉईड ग्रंथी बेफाम सुटलेली.

त्या रात्री मी फोनवर लक्षणं वाचली आणि ती एकेक करून मला व्हायला लागली. छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही, घाम. (कुंभकोणममध्ये घाम कोणाला नाही?) केस गळणं तर यादीत होतंच. वजन घटणं हे एकच लक्षण होतं जे कितीही वाट पाहिली तरी येईना.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई शांत होत्या. टेबलावर त्यांचा दवरा-टंबलर होता, कॉफीची वाफ निघत होती. त्यांनी माझी केसांची एक बट, साधारण पन्नास-साठ केसांची, बोटांत धरली, मुळापासून टोकापर्यंत हळूच ओढली आणि हातात आलेले केस मोजले. याला पुल टेस्ट म्हणतात. इतके दिवस जे फुकट होत होतं त्याचे मी पैसे दिले. सहाच्या वर आले तर गळती चालू आहे असं धरतात. माझे किती आले ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त टिश्यूवर ठेवले. मग विचारलं, तीन-चार महिन्यांमागे काही मोठं आजारपण?

डेंग्यू, मी म्हटलं, पण त्याचा काय संबंध?

सगळा संबंध त्याचाच होता. डोक्यावरच्या लाखभर केसांपैकी बहुतेक वाढत असतात, थोडे विश्रांतीत असतात. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार असं काही झालं की पुष्कळसे केस एकदम विश्रांतीला जातात. पण लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिने तसेच चिकटून बसतात आणि मग एकदम सुटतात. म्हणून माणूस कालच्या शांपूला, परवाच्या पाण्याला, गावाला, सासूला दोष देत बसतो; गुन्हा झालेला असतो मागच्या दिवाळीत. मुळं शाबूत असतात, त्यामुळे हे केस बहुधा परत येतात. त्यासाठी सूर्याला त्रास द्यावा लागत नाही.

“मग थायरॉईड?” मी छातीवर हात ठेवून विचारलं.

“काही गोळ्या घेता का?”

मी पर्समधून दोन्ही बाटल्या काढल्या. त्यांनी पहिली वाचली आणि पहिल्यांदाच हसल्या. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. मी रोज सकाळी एका घोटात अकरा महिन्यांची बेगमी करत होते. शिवाय बायोटिनची खरीखुरी कमतरता फार क्वचित दिसते. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात ते धरून ठेवणारं प्रथिन असतं, त्यामुळे रोज कच्ची अंडी खाणाऱ्यांना ती होऊ शकते. “कच्ची अंडी खाता?” त्यांनी विचारलं. मामींच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा शिजवून बोलावा लागतो.

आता थायरॉईडची गोष्ट. रक्ताच्या कित्येक तपासण्यांमध्ये यंत्राला आपलं साहित्य एका जागी चिकटवायचं असतं, आणि त्यासाठी ते बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची जोडी वापरतं, कारण निसर्गात इतकी घट्ट पकड क्वचितच सापडते. माझ्या रक्तात मोकळं बायोटिन इतकं होतं की त्याने एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशा सगळ्या जागा आधीच धरल्या. खरे प्रवासी खालीच उभे. एका पद्धतीच्या चाचणीत यामुळे आकडा खोटाच कमी येतो, म्हणून टीएसएच शून्याला टेकला. दुसऱ्या पद्धतीत तो खोटाच जास्त येतो, म्हणून थायरॉक्सिन वर गेलं, आणि ड व बी-१२ सुद्धा. माझी ग्रंथी इतके दिवस आपलं काम निमूट करत होती. मला झालेला आजार बाटलीचा होता, आणि धडधड माझी स्वतःची.

यात हसण्यासारखं आहे तेवढंच हसावं. हृदयविकाराचा झटका ओळखायला जी ट्रोपोनिन तपासणी करतात, तीही बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात अशा एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख आहे.

डॉक्टरीणबाईंनी दुसरी बाटली हातात घेतली आणि मला आई आठवली. तोवर बुलढाण्याच्या गोष्टीला वेगळं वळण लागलं होतं. अठरा गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली होती. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. विंचवाच्या विषावरच्या कामामुळे महाडचं नाव जगभर नेणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथे जाऊन आले. त्यांच्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त सापडलं आणि लोकांच्या रक्तात जस्त कमी. सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमटीभरसुद्धा नाही; जास्त झालं की केस आणि नखं जातात. अ जीवनसत्त्वाचंही तेच, फार झालं की केस गळतात. आमच्या गावाकडच्या लोकांच्या ताटात सेलेनियम न सांगता आलं. मी ते पैसे भरून, कुरिअरने, घरपोच मागवलं होतं. शेगावकडच्या लोकांचे केस काही आठवड्यांत परत यायला लागले, ही बातमी आईने दिली, सोबत विचारलंही, “तुये?”

गोळ्या बंद केल्या, काही दिवस जाऊ दिले आणि पुन्हा रक्त दिलं. थायरॉईड ठणठणीत. ड जीवनसत्त्व १२, म्हणजे तळाला. वीसच्या खाली कमतरता धरतात. सूर्य पावला नव्हता. छत्रीच्या बाईला तो कसा पावणार? बी-१२ कमी, जन्मभराच्या शाकाहाराला साजेसं. आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९. तापाने केस खाली उतरवले ते खरं, पण परत चढायला त्यांना शिडीही नव्हती.

“जेवणानंतर काय घेता?” त्यांनी विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं. डिग्री कॉफी. पितळी दवरा-टंबलर, बिनपाण्याचं दूध, जेवण झालं की लगेच, दुपारीही आणि रात्रीही. इथे आल्यापासून आम्ही एकच गोष्ट मनापासून आपलीशी केली होती. चहा-कॉफीतली द्रव्यं जेवणातलं लोह धरून ठेवतात आणि शरीरात शिरू देत नाहीत, विशेषतः पालेभाज्या-कडधान्यांतलं. म्हणजे मामींच्या मुरुंगक्कीरैतलं, शेवग्याच्या पाल्यातलं लोह मी रोज निष्ठेने कॉफीने धुऊन काढत होते. तेव्हा कॉफी जेवणानंतर तासभर तरी थांबून. हे सांगताना डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा टंबलर किंचित फायलीमागे सरकवला.

कुंभकोणममध्ये हे पथ्य पाळणं म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. कोणाच्या घरी जेवलात की पानावरून उठायच्या आत कॉफी येते. नाही म्हटलं की यजमानाला वाटतं सांबार बिघडलं. मामींना तर मी आठ दिवस सांगत होते की हे डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांचं म्हणणं, डॉक्टर तंजावरचे असतील.

आता लोहाच्या गोळ्या आहेत, बी-१२ आहे, ड आठवड्यातून एकदा. सगळं तपासून, मापात. वही रद्दीत गेली. भांगाच्या दोन्ही बाजूंनी नवे केस आलेत. ते आडवे पडायला तयार नाहीत, उभेच असतात, आणि मामींचं तेल लावलं की तेवढ्यापुरते माघार घेतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. गोळी कोणतीही घ्या, देव कोणताही धरा, त्याचा वेग हाच. म्हणजे २०२८ मध्ये महामहम येईल, बारा वर्षांनी लाखो माणसं इथल्या तळ्यात बुडी मारतील, तेव्हा माझे नवे केस फूट-सव्वाफुटाचे झालेले असतील. पाऊण मुळम. फूलवालीला हिशेब आधीच सांगून ठेवलाय.

तुमच्या कपाटात केसांच्या गोळ्या असतील तर बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. बायोटिन दिसलं तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी ते थांबवा, मात्रा मोठी असेल तर किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारा, आणि आपण ते घेतो हे त्यांनी विचारायच्या आत सांगा. फेरिटिन तपासायला सांगा. आणि जेवण झालं की तासभर कॉफीला हात लावू नका, कुंभकोणममध्ये असलात तरी.